बहुमापक, खिशातील

विद्युत् दाब, विद्युत् प्रवाह व विद्युत् रोध या तीन राशी एकाच साधनाने मोजता येतील अशा मापकास बहुमापक म्हणतात. बाजारात व कारागिरांच्या बोलण्यात त्याचे मल्टिमीटर हेच नाव रूढ आहे. पत्त्याच्या जोडाएवढे, पेनासारखे लांबट, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकविता येणारे किंवा विजेरी जोडलेले असे त्याचे अनेक लहान प्रकार आता मिळतात. त्यांतील काही भेट देण्याच्या गंमतवस्तू म्हणूनच विकले जातात. मात्र ती खेळणी नव्हेत. त्यांच्या आतील मंडल खरोखरीचे असून त्यांचे वाचनही बहुतेक वेळा कामापुरते बरोबर असते. अडचण निराळीच आहे. मापकाच्या तबकडीवर छापलेला ‘७५०’ हा आकडा साधनाला किती व्होल्टपर्यंत मोजता येते हे सांगतो. ते साधन हातात धरून किती व्होल्टला स्पर्श करणे निर्धोक आहे, हे तो सांगत नाही. या दोन गोष्टींमधील फरक साधनाचा आकार लहान होत जातो तसा वाढत जातो.

इतिहास : ब्रिटिश डाक खात्यातील अभियंता डोनल्ड मॅकॅडी याने निरनिराळी मापके बाळगण्याच्या त्रासातून सुटका व्हावी म्हणून एकत्रित मापकाची कल्पना मांडली आणि १९२३ मध्ये तसे पहिले मापक विक्रीस आले. अँपिअर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ॲव्हो’ हे नाव मिळाले. याच मालिकेतील १९५१ मध्ये निघालेला आठव्या क्रमांकाचा नमुना २००८ पर्यंत तयार होत होता. हे मापक सुमारे तीन किलोग्रॅम वजनाचे, चामडी पट्ट्याने खांद्याला अडकवून न्यावयाचे असे. चुकीच्या पल्ल्यावर जास्त प्रवाह शिरल्यास मंडल तोडणारी यांत्रिक खटकी त्यात होती, त्यामुळे शिकाऊ उमेदवाराच्या हातूनही ते बहुधा वाचत असे. महाराष्ट्रात बहुमापकांच्या निर्मितीसाठी नासिक हे केंद्र प्रसिद्ध आहे. मोटवानी या जुन्या उद्योगसमूहाची मापके तेथे तयार होतात, तर ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी १९८२ मध्ये तेथेच स्थापन झाली.

मापक खिशात मावू लागले ते काटा जाऊन अंक आल्यावर. इंटरसिल या अमेरिकन कंपनीने १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘७१०६’ या क्रमांकाचे संकलित मंडल बाजारात आणले. दाबाचे अंकांत रूपांतर करणे व द्रवस्फटिक दर्शक चालविणे ही दोन्ही कामे ही एकच चकती करते. पुढे तिच्या नकला अत्यंत स्वस्तात निघू लागल्या. पिवळ्या वेष्टनातील सर्वपरिचित स्वस्त मापक उघडल्यास मधोमध काळ्या राळेचा जो गोल ठिपका दिसतो, त्याखाली बहुधा हेच मंडल असते.

रचना व कार्य : अज्ञात दाबाने एक धारित्र ठराविक वेळपर्यंत भारित केले जाते आणि नंतर ज्ञात संदर्भ-दाबाच्या साहाय्याने ते रिकामे केले जाते. रिकामे होण्यास लागलेला वेळ स्पंदांच्या रूपाने मोजला की, दाबाचे मूल्य अंकांत मिळते. दर्शकावर जास्तीत जास्त १९९९ हा आकडा उमटतो आणि मूळ पल्ला २०० मिलिव्होल्ट इतकाच असतो. यापेक्षा मोठा दाब रोधकांच्या साखळीने विभागून त्याचा अल्पांश मंडलाकडे नेला जातो. स्वस्त मापकांत या साखळीचा एकूण रोध साधारणपणे १० लाख ओहम (१ मेगओहम) असतो. म्हणजे २३० व्होल्टच्या दोन तारांना प्रोब लावले असता मापकातून जाणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आतच राहतो. प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहाच्या पल्ल्यावर वाटेत एक साधा एकदिशकारक असतो. प्रवाह मोजताना मात्र परिस्थिती उलट असते. तेथे मापक मंडलाचाच भाग बनते आणि दहा अँपिअरच्या खोबणीमागे जाड तारेचा एक आखूड तुकडा एवढाच रोध असतो.

मोठ्या व लहान मापकांत हे तत्त्व समान आहे. फरक पडतो तो जागेचा. पाव वॉटचा सर्वसाधारण रोधक २५० ते ३५० व्होल्टपर्यंतचा दाब सोसतो, म्हणून चांगल्या मापकात असे अनेक रोधक एकापुढे एक जोडून दाब वाटून दिलेला असतो. तळहातापेक्षा लहान पट्टिकेवर त्यांच्यासाठी लांबी उरत नाही. दोन तांबी पट्ट्यांमध्ये काही मिलिमीटरांचे अंतर हवे असते, तेथे जेमतेम एक मिळते. आणि कोकणच्या दमट हवेत धूळ व ओल बसून तेही अंतर परिणामतः आणखी कमी होते.

व्यवहार्यता : घड्याळातील वा दूरनियंत्रकातील घट संपला आहे का, मोटारगाडीची घटमाला विश्रांत स्थितीत १२.६ व्होल्टच्या आसपास आहे का, भ्रमणध्वनीच्या चार्जरमधून ५ व्होल्ट येतात का, वायर आतून तुटली आहे का, या प्रश्नांची उत्तरे किल्ल्यांच्या जुडग्यातील मापकही समाधानकारक देते. एकदिश दाबाच्या पल्ल्यांवर त्याची चूक बहुधा एका टक्क्याच्या आत असते. विद्युत् शास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी दीड व्होल्टचा घट, लहान दिवा व असे मापक यांहून चांगली सामग्री सुचविणे कठीण आहे.

घरातील मुख्य पुरवठा मोजताना मात्र अचूकता कमी पडते. अशा मापकांच्या माहितीपत्रकात ७५० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पल्ल्याची संभाव्य चूक ‘वाचनाच्या १.२ टक्के अधिक १० अंक’ अशी दिलेली आढळते. या पल्ल्यावर एक अंक म्हणजे एक व्होल्ट असतो. त्यामुळे २३० व्होल्टच्या वाचनात सुमारे २.८ व १० मिळून जवळजवळ १३ व्होल्टची अनिश्चितता येते. खरा दाब २१७ ते २४३ यांमध्ये कोठेही असू शकतो. लघुदाबाच्या पुरवठ्यात सहा टक्के कमीअधिक दाबाची जी मुभा असते तिच्या मर्यादाही २१६ व २४४ अशाच येतात. तेव्हा दाब कमी असल्याची तक्रार अशा मापकाच्या वाचनावर टिकणार नाही. शिवाय हे मापक तरंगाची सरासरी मोजून, तो शुद्ध ज्यावक्री आहे असे गृहीत धरून परिणामी मूल्य दाखविते. घरगुती इन्व्हर्टरचा तरंग चौकोनी असल्यास तेच वाचन सुमारे ११ टक्क्यांनी फुगते व २३० च्या जागी २५५ दिसतात. मापकातील घटमाला क्षीण झाल्यावरही वाचन भरकटते, बहुधा खऱ्यापेक्षा जास्तीकडे. काही लहान मापकांत १२ व्होल्टचा बोटाच्या पेराएवढा घट असतो. तो लवकर उतरतो आणि खेड्यातील दुकानात सहजासहजी मिळत नाही.

उत्सवी रोषणाईतील वापर : ठाणे शहराच्या जुन्या भागातील टेंभी नाका येथे आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेला नवरात्रोत्सव जिल्ह्यातील सर्वांत गर्दीच्या उत्सवांपैकी एक आहे. आश्विनात, म्हणजे परतीच्या पावसाच्या दिवसांत, भर रस्त्याच्या नाक्यावर मंडप, कमानी व दिव्यांच्या माळा उभ्या राहतात. येथील असो वा कल्याण-डोंबिवलीतील एखाद्या गल्लीतील असो, सार्वजनिक मंडपाची विद्युत् योजना सारख्याच धाटणीची असते : तात्पुरती जोडणी, लाकडी किंवा लोखंडी पाटीवरील वाटपफलक, बांबूंना व लोखंडी नळ्यांना बांधलेल्या तारा, पर्यायी पुरवठ्यासाठी जनित्र, आणि खाली पायांशी ओल. खिशातील बहुमापकाचे गुण व दोष दोन्ही येथे एकदम दिसतात.

दिव्यांच्या माळेचेच उदाहरण घेता येईल. सहा व्होल्टचे चाळीस दिवे एकापुढे एक जोडून माळ थेट मुख्य पुरवठ्यावर लावली, तर पेटत्या माळेतील प्रत्येक दिव्याच्या दोन टोकांत सहाच व्होल्ट दिसतात. हे पाहून माळ कमी दाबाची आहे असा समज होतो. परंतु जमिनीच्या संदर्भात माळेचे एक टोक पूर्ण २३० व्होल्टवर असते. एखादा दिवा निकामी होऊन माळ विझली की, त्या एका दिव्याच्या दोन टोकांत पुरवठ्याचा सर्व दाब एकवटतो. तारागीर मापक २० व्होल्टच्या पल्ल्यावर ठेवून एकेक दिवा तपासत जातो आणि नेमक्या बिघडलेल्या दिव्यापाशी मापकाला व त्याच्या बोटांना २३० व्होल्टशी गाठ घालावी लागते. माळ पुरवठ्यापासून तोडून, रोधाच्या पल्ल्यावर सलगता तपासल्यास हेच काम लहान मापक उत्तम करते. रोहित्रावर किंवा अनुयोजकावर (ॲडाप्टरवर) चालणाऱ्या १२ व्होल्टच्या अलीकडील पट्टीदिव्यांबाबत तर, दुय्यम बाजू मुख्य पुरवठ्यापासून खरोखर अलग असेल तेथे, त्याच्या वापराला काहीच हरकत नाही.

भूयोजनाच्या (अर्थिंगच्या) तपासणीत याहून फसवी गोष्ट घडते. सॉकेटमधील जिवंत तार व भूतार यांना प्रोब लावून २३० व्होल्ट दिसले की अर्थ चांगला, अशी पद्धत सर्रास आढळते. समजा, भूतारेचा जमिनीशी संपर्क इतका वाईट आहे की तेथील रोध १,००० ओहम आहे. मापकाच्या १० लाख ओहमपुढे हे हजार ओहम नगण्य ठरतात आणि वाचन २२९.८, म्हणजे दर्शकावर २३०, असेच येते. आता लोखंडी कमानीला जिवंत तारेचा स्पर्श झाला, तर भूतारेतून फक्त ०.२३ अँपिअर प्रवाह वाहील. सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होणार नाही आणि कमान जवळजवळ पूर्ण दाबाने भारित राहील. ओल्या त्वचेच्या माणसाच्या शरीराचा रोधही हजार ओहमपर्यंत उतरतो. म्हणजे कमानीला टेकणाऱ्या भाविकातून तेवढाच प्रवाह जाईल. मनुष्याच्या हृदयाच्या दृष्टीने हा प्रवाह प्राणघातक आहे. अशा वेळी वाचवितो तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर मंडल तोडणारा गळती-खंडक, मापक नव्हे. भूरोध मोजण्यासाठी स्वतंत्र भूरोधमापक असते आणि त्याचे काम कोणत्याही आकाराच्या बहुमापकाने भागत नाही. येथे दोष मापकाच्या लहानपणाचा नसून चुकीच्या प्रश्नाचा आहे. मंडपाची वायरिंग अनुज्ञप्तिधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी आणि तात्पुरती जोडणी अधिकृतपणे घ्यावी, असे आवाहन महावितरण उत्सवांच्या तोंडावर करीत असते, त्यामागे अशीच कारणे आहेत.

विद्युत् सुरक्षितता : मापकाच्या हातून होणारे गंभीर अपघात बहुधा दोन प्रकारांनी घडतात. पहिला विसराळूपणाचा आहे. प्रवाह मोजून झाल्यावर तांबडी तार दहा अँपिअरच्या खोबणीतच राहते आणि नंतर त्याच स्थितीत प्रोब सॉकेटमध्ये घातले जातात. मापकातील जाड तारेचा तुकडा मग मुख्य पुरवठ्याचा लघुमंडल (शॉर्ट सर्किट) करतो. हा प्रवाह किती होईल हे पुरवठ्यावर अवलंबून असते. घरातील सॉकेटपाशी लांब बारीक तारांच्या रोधामुळे तो काही शे अँपिअरांपुरता मर्यादित राहतो. याउलट ६३० किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेच्या, ४३३ व्होल्टच्या वितरण रोहित्राचा पूर्ण भारप्रवाह ८४० अँपिअर असतो व त्याचा संरोध ४.५ टक्के धरल्यास त्याच्या अग्रांपाशी लघुमंडल-प्रवाह १८ हजार अँपिअरांवर जातो. रस्त्यावरील वाटपखांबातून जोडणी घेतलेला मंडपातील फलक आणि वागळे इस्टेटीतील कारखान्याचा फलक या दृष्टीने घरापेक्षा रोहित्राला कितीतरी जवळचे असतात.

या ठिकाणी वितळतारेचा (फ्यूजचा) विचार करावा लागतो. बहुतेक स्वस्त मापकांत दहा अँपिअरच्या खोबणीला वितळतार नसतेच, आणि तसे तिच्याशेजारी बारीक अक्षरांत छापलेलेही असते. लहान प्रवाहाच्या खोबणीला असते ती काचेच्या नळीतील. वितळतार वितळणे व प्रवाह तुटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तार वितळल्यावर तिच्या वाफेतून प्रज्योत पेटते आणि ती विझेपर्यंत प्रवाह चालूच राहतो. साध्या लहान काचनळीची प्रवाह तोडण्याची हमी ३५ अँपिअर किंवा तिच्या दर्शनी मूल्याच्या दहापट, यांतील जो आकडा मोठा असेल तेवढीच असते. त्यापुढे नळी फुटते व प्रज्योत बाहेर येते. वाळू भरलेल्या चिनी मातीच्या वितळतारेत वाळू वितळून प्रज्योतीची उष्णता शोषून घेते. उत्तम मापकांतील अशा वितळतारा दहा हजार अँपिअर व त्याहून अधिक प्रवाह तोडू शकतात. मात्र अशी एक वितळतारच किल्ल्यांच्या जुडग्यातील अख्ख्या मापकाची निम्मी लांबी व्यापील, आणि तिची किंमत अनेकदा त्या मापकाहून जास्त असते.

दुसऱ्या प्रकारात वापरणाऱ्याची काहीच चूक नसते. वीज कडाडल्याने किंवा उद्वाहक, पंप यांची मोठी चलित्रे बंदचालू झाल्याने तारांवर क्षणभर हजारो व्होल्टचा आवेग उमटतो. त्या क्षणी प्रोब लागलेले असतील आणि आतील अंतर अपुरे असेल, तर ठिणगी पडते. आवेग काही मायक्रोसेकंदांत ओसरतो. परंतु ठिणगीने हवा आयनीभूत करून जी वाट उघडून दिली तिच्यातून मुख्य पुरवठा आत शिरतो व प्रज्योत टिकून राहते. माणूस भाजतो तो या पाठोपाठ आलेल्या ऊर्जेने.

आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या ६१०१० या मानकात मापनाच्या जागांचे वर्ग यासाठीच पाडले आहेत. सॉकेटवर चालणाऱ्या उपकरणांसाठी दुसरा, इमारतीतील वाटपफलक व पक्क्या वायरिंगसाठी तिसरा, आणि वीजमीटर, भूमिगत जोडणी किंवा उघड्या तारा यांसाठी चौथा वर्ग आहे. तीनशे व्होल्टच्या मापकाने या वर्गांत अनुक्रमे २,५००, ४,००० व ६,००० व्होल्टचे आवेग सोसले पाहिजेत. केवळ व्होल्टांवरून निवड केल्यास मात्र घोटाळा होतो. दुसऱ्या वर्गातील १,००० व्होल्टचे व तिसऱ्या वर्गातील ६०० व्होल्टचे मापक या दोहोंना ६,००० व्होल्टचाच आवेग लावतात. परंतु पहिल्याच्या चाचणीत उगमाचा रोध १२ ओहम असतो व दुसऱ्याच्या चाचणीत २ ओहम. परिणामी पहिल्यातून ५०० अँपिअर जाऊ शकतात, तर दुसऱ्याला ३,००० अँपिअरांना तोंड द्यावे लागते. छापील व्होल्ट कमी असलेले मापक येथे अधिक भक्कम ठरते. मंडपाचा फलक तिसऱ्या, व जोडणीची जागा चौथ्या वर्गात मोडते. लहान मापकांवर वर्गाचा उल्लेख बहुधा नसतो. क्वचित मोठ्या वर्गाचा असतो, पण त्यासोबत स्वतंत्र प्रयोगशाळेची खूण नसल्यास तो केवळ उत्पादकाचा शब्द होय. युरोपीय ‘सीई’ ही खूणही सामान्यतः उत्पादकाची स्वघोषणाच असते.

चाचणी तारा व प्रोब यांकडे फारसे कोणी पाहत नाही, वास्तविक हात त्यांनाच लागलेला असतो. तिसऱ्या व चौथ्या वर्गात प्रोबाचे उघडे टोक ४ मिमी. पेक्षा लांब असू नये असा नियम आहे. लांब टोकाने फलकातील दोन शेजारच्या पट्ट्या एकाच वेळी जोडल्या जातात. बोट पुढे घसरू नये म्हणून मुठीपुढे कडे लागते. जुडग्यातील मापकाच्या तारा केसाएवढ्या बारीक धाग्यांच्या, मूळपाशी डाख दिलेल्या व न बदलता येणाऱ्या असतात. खिशात सतत दुमडून त्या वेष्टनाशी तुटतात किंवा त्यांचे निरोधन तडकते.

तुटलेली तार आणखी एका रीतीने घातक ठरते. ती जोडलेल्या मापकावर जिवंत तारेचेही वाचन शून्य येते. संपलेल्या घटामुळे किंवा पल्ला एकदिश दाबावर राहिल्यामुळेही शून्याच्या आसपासच काहीतरी दिसते. २३० ऐवजी २२० दिसल्याने कोणी दगावत नाही. पण खोट्या शून्यावर विश्वासून तारेला हात घालणारा दगावतो. म्हणून पुरवठा बंद केल्याची खात्री तीन पायऱ्यांनी करण्याची पद्धत आहे : प्रथम माहीत असलेल्या जिवंत जागी मापक चालते हे पाहावयाचे, मग बंद केलेली जागा मोजावयाची, आणि लगेच पुन्हा त्या जिवंत जागी मापक अजून चालते हे पाहावयाचे. तिसरी पायरी गाळण्याचा मोह फार होतो. मापक मधल्या मोजणीतच निकामी झाले असेल तर ते तिच्याविना कळत नाही. घरोघरी असलेल्या निऑन दिव्याच्या टेस्टरलाही हीच पद्धत लागू आहे. त्याचा दिवा कडक उन्हात दिसत नाही आणि कोरड्या लाकडी शिडीवर उभे असताना पुरेसा पेटत नाही.

मुख्य पुरवठ्यावरील प्रवाह मोजणे हे काम खिशातील मापकाकडून कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये. तार न तोडता तिच्याभोवती जबडा बसवून प्रवाह मोजणारी चिमटा-मापके त्यासाठी आहेत, व प्रवाहाच्या मापनात त्यांच्या अग्रांचा जिवंत तारेशी संबंधच येत नाही. प्रोब लागलेले असताना पल्ला बदलणे, घटाचे झाकण उघडणे किंवा ते झाकण हरवलेले मापक चिकटपट्टी लावून वापरणे हेही टाळावयास हवे, कारण स्वस्त मापकांत घट प्रोबांच्या मंडलापासून अलग केलेला नसतो. वापर संपल्यावर तांबडी तार दाबाच्या खोबणीत व फिरते बटण बंद स्थितीत ठेवतात. महिनोन् महिने पडून राहणाऱ्या मापकातील घट काढून ठेवतात, अन्यथा त्यातून झिरपणारा क्षार पट्टिकेवर पसरून मुळातच अपुरे असलेले अंतर आणखी घटवितो.